सरकारदरबारी गोठा

ज्या घरात मी नांदले, पोरं वाढवली, ते घर सरकारी दप्तरात गोठा म्हणून नोंदलेलं होतं. माहेरी याची भरपूर थट्टा झाली. थोरला भाऊ भेटायला आला की दारातूनच विचारायचा, काय गं, कडबा-पाणी वेळेवर मिळतं ना? मीही काही कमी नव्हते. मिळतं, आणि पाहुण्यांनाही तेच घालतो, बस खाली, असं म्हणायची. पण धडधाकट घराचा गोठा झाला कसा ते आधी सांगायला हवं, कारण त्या कामी गावातले झाडून सगळे शहाणे पुरुष लागले होते.

आमचं गाव चिखलीच्या अलीकडचं. पिंपरीला तेव्हा कारखाना नुकताच उभा राहिला होता, आणि आमचे हे सायकल दामटत तिकडं शिफ्टला जायचे. बाकी सगळीकडं बाजरी, बाभळी आणि खडी. गाव म्हणजे गावठाण, घराला घर चिकटलेला एक पुंजका, मधून बैल कसाबसा वळेल एवढाली बोळं. गावठाणाच्या आत राहायचं आणि बाहेर पिकवायचं, असा सरकारचा साधा हिशेब होता. आत मुंगीला जागा नव्हती आणि बाहेर घराला परवानगी नव्हती. माणसं मात्र वाढत होती, आणि त्याबद्दल सरकारनं काहीच ठरवलेलं नव्हतं.

लग्न होऊन मी आले ती गावठाणातल्या घरात. तिथल्या सैपाकघराला खिडकी नव्हती. घराच्या तीन बाजूंना भावकीची अंगणं, आणि दुसऱ्याच्या अंगणाकडं खिडकी पाडायची नाही हा गावाचा दंडक. चुलीचा धूर छपरातून वाट मिळेल तसा जायचा, आणि मिळाली नाही तर सासूबाईंच्या डोळ्यांत बसायचा. मी आले तेव्हा त्यांचा उजवा डोळा गेलेलाच होता. डावाही सारखा लाल, सारखा गळायचा. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरनं सांगितलं की हा एक राहिलाय, धुरापासून जपा, नाहीतर हाही जाईल. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान डोलावून सगळं नीट ऐकून घेतलं. घरी आल्यावर पायावर पाणी घेतलं आणि सासूबाईंना म्हणाले, भूक लागलीय, भाकरी टाक.

मी चुलीपाशी बसायला तयार होते हो. पण मामंजींना भाकरी चालायची ती फक्त सासूबाईंच्या हातची. माझी भाकरी त्यांना जाड लागायची. एकदा तर त्यांनी ती ताटातून उचलून चार माणसांत उजेडाकडं धरून पाहिली होती. त्यामुळं सासूबाई एक डोळा पदरानं पुसत थापायला बसायच्या आणि मी शेजारी बसून नुसती जळायची.

तरी मामंजींच्या मनात आलं, हेही खरं सांगायला हवं. भिंत वर चढवून, उंचावर एक खिडकी पाडू असं त्यांनी ठरवलं. लगेच देवळाच्या पारावर भावकी जमली. माझे चुलत सासरे पुढं झाले. त्यांचं म्हणणं, खिडकीतून त्यांचं अंगण दिसणार, बायाबापड्यांची कुचंबणा होणार, वाडवडलांपासून असं कधी झालं नाही. त्यांच्या अंगणात पाहण्यासारखं काय होतं म्हणाल तर एक शेळी आणि एक उपडं घंगाळ. स्वतः याच गृहस्थांनी आदल्या साली बोळात दार काढून तीन पायऱ्या रस्त्यावर उतरवल्या होत्या, तेव्हा वाडवडील कुठं गेले होते कोण जाणे. पण भावकी त्यांच्या बाजूनं पडली आणि खिडकी बारगळली.

मग मामंजींचं डोकं फिरलं. पारावरून उठताना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझं रान हाय गावाभाईर. त्यात मी वाडा बांधीन न्हाईतर इहीर खांदीन. जमीन माझी, घाम माझा, मला इचारणारा कोन?"

हे ऐकायला फार झकास वाटतं. पण त्याच पारावर बसून याच मामंजींनी थोड्याच दिवसांपूर्वी शेजारच्या शेतकऱ्याची वीटभट्टी बंद पाडली होती. त्याचीही जमीन त्याचीच होती आणि घामही त्याचाच. मामंजींचं म्हणणं होतं की भट्टीचा धूर आपल्या बाजरीवर येतो आणि पिकाला धूर सोसत नाही. पंचांना ते पटलं. बाजरीचं ऐकणारी माणसं गावात होती, हे सांगायचा मुद्दा.

तर रानात घराचं काम निघालं. दगडाचा पाया, वर पक्क्या विटा, मंगलोरी कौलं, आणि सुतारानं खास करून दिलेल्या सागवानी खिडक्या. सासूबाई रोज दुपारी डोक्यावर पदर धरून काम बघायला जायच्या. चूल कुठं घालायची ते त्यांनी स्वतः काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवलं, आणि चुलीच्या डोक्याशी खिडकी. मला म्हणाल्या, हितं बसलं की वाऱ्याची झुळूक थेट तोंडावर यील बघ. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

भिंती छातीएवढ्या झाल्या आणि तलाठी आले. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी बांधावर उभं राहून आधी पाणी मागितलं, मग चहा, आणि मग सांगितलं की ही शेतजमीन आहे, इथं राहतं घर बांधायचं तर बिनशेतीची परवानगी लागते, अर्ज पुण्याला जातो, आणि गेलेला अर्ज परत येईलच असं काही नाही. परवानगीशिवाय बांधलं तर पाडावं लागेल. मामंजींचं अवसान एकदम गळालं. जमीन माझी हे पारावर म्हणणं वेगळं आणि भाऊसाहेबांपुढं म्हणणं वेगळं.

तोड काढली सरपंचांनी. शेतात घर चालत नाही, पण गोठा चालतो, तो शेतीच्याच कामाचा. गोठा म्हणा की झालं. राखणीला माणूस राहणार, तो चूल पेटवणार, त्याला कोण काय म्हणतंय? सरपंचांना या विषयात गती होती. त्यांच्या स्वतःच्या शेतात कडब्याची वखार होती. तिला ओळीनं आठ दारं होती, आणि सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की त्या वखारीतून डबे घेतलेले, भांग पाडलेले कामगार बाहेर पडायचे. त्यातले कुणी लातूरकडचे, कुणी कोकणातले. असा बोलका कडबा मी दुसरीकडं कुठं पाहिला नाही.

भाऊसाहेबांनाही गोठा पटला. फक्त एक अट त्यांनी घातली. खिडक्या लावायच्या नाहीत. चौकट बसवलेली, झडपांची खिडकी दिसली की वरचा साहेब लगेच राहतं घर म्हणणार, मग आपले हात बांधले. मामंजींनी लगोलग हो म्हटलं. सागवानी खिडक्या सरपंचांनी नेल्या आणि आपल्या वखारीला बसवल्या. कडब्याला उजेड लागत असेल.

तरी गवंडी भला माणूस होता. त्यानं चुलीच्या डोक्याशी दोन विटा सोडून एक झरोका ठेवला. हात जेमतेम जाईल एवढाच, पण तेवढ्यावरही सासूबाई राजी झाल्या. धूर सगळा जायचा नाही, निम्मा जायचा. त्या झरोक्याखाली बसून त्या भाकरी थापायच्या, आणि डोळ्याचं पाणी खरंच कमी झालं. हे असंच चाललं असतं तर मला आज लिहायला काही उरलं नसतं.

पण मामंजींना वास्तुशांत करायची होती.

आता गोठ्याची वास्तुशांत कुणी करतं का? पण आमच्याकडं शांत केल्याशिवाय नव्या घरात भावकी पाणी पीत नाही, आणि भावकीनं पाणी प्यालं नाही तर घर बांधून दाखवलं कुणाला? सासूबाईंनी सांगून पाहिलं की गुपचूप पूजा घालू, भटजी आणि आपण. मामंजी म्हणाले, म्या काय चोरी केलीया? मग दारोदार अक्षत फिरली. मांडव पडला, दाराला आंब्याची तोरणं, सनईवाला आणि गव्हाची खीर. ज्या चुलत सासऱ्यांनी खिडकी हाणून पाडली त्यांना पहिलं आवतण. भाऊसाहेबांना पंगतीत मानाचा पाट. ते पोटभर जेवले, खीर दोनदा मागून घेतली, कौलांकडं बघून म्हणाले की घर फार ऐसपैस झालंय. मामंजी फुगून म्हणाले, व्हय, दोन पिढ्यांची सोय झाली. मी वाढता वाढता कपाळावर हात मारून घेतला.

चुलत सासऱ्यांनी खीर पचायचीही वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी वरच्या साहेबाकडं तक्रार. हा गोठा असता तर याची शांत कशाला केली असती, आणि भाऊसाहेब स्वतः तिथं घर म्हणून जेवून आले आहेत. आता भाऊसाहेबांचीच पंचाईत झाली. ते घाईघाईनं आले, कालच्या मांडवाच्या खळग्यात त्यांचा पाय अडकला, आणि तिथूनच ओरडले की तुम्ही मला खड्ड्यात घातलंत. मामंजींनी सांगितलं की जनावरांना रोगराई होऊ नये म्हणून शांत केली. भाऊसाहेब म्हणाले, मग जनावरं कुठायत? जनावरं तर बाहेर चिंचेखाली बांधलेली, आणि घरात नव्या सतरंज्या.

शेवटी असं ठरलं की म्हैस आत बांधायची. कायमची. सतरंज्या गुंडाळायच्या, गव्हाण करायची. आणि भिंतीला खिडकीसारखं वाटेल असं एकही भोक ठेवायचं नाही, कारण चुलत सासरे आता टपूनच बसले होते. भाऊसाहेबांची पाठ फिरली आणि मामंजींनी स्वतःच्या हातानं चिखल कालवून तो झरोका लिंपला. सासूबाई समोरच बसल्या होत्या. ओला चिखल वाळेपर्यंत त्या तिकडंच बघत होत्या.

त्यानंतर आम्ही आणि म्हैस एका छपराखाली राहिलो. म्हैस गुणी होती, तिला मी बोल लावणार नाही. चार माणसांत तिचीच वागणूक जास्त समंजस होती. पण धूर. पावसाळ्यात शेण्या ओल्या, लाकडं ओली, दार तेवढं एकच, त्यात म्हैस आडवी. सगळं घर निळं व्हायचं. सासूबाईंचा डोळा पुन्हा सुजला. मग एके दिवशी त्यांनी कुंकू लावलं ते भुवईवर. मी पुसून नीट लावलं तर हसून म्हणाल्या, आरसाच वाकडा झालाय गं. पुढं त्या धान्यातले खडे बोटांनी चाचपून काढायला लागल्या. मला रात्री झोप येईना. मी सरळ मामंजींपुढं जाऊन उभी राहिले, म्हटलं, आत्याबाईंचा (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची) डोळा जाईल, तेवढा झरोका उघडा. सुनेनं असं बोलायची पद्धत नव्हती, पण माझा जीव वर आला होता. मामंजी खाली बघत म्हणाले की मग घर पाडायला येतील, ते तू थांबवशील का? यांना सांगितलं तर यांनी सायकलच्या चाकात हवा भरता भरता सांगितलं की वडलांच्या शब्दापलीकडं मी नाही. हवा भरून झाली तरी किती वेळ पंप मारत होते.

मामंजी दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. ते भ्याले होते. पण भ्यालेल्या माणसाचा धूर दुसऱ्याच्याच डोळ्यांत का जावा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळलेलं नाही.

एका दुपारी मामंजी बाजाराला चाकणला गेले होते, हे शिफ्टला. सासूबाई भाकरी टाकत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी समजून तव्यालाच हात लावला. हात भाजला तरी ओरडल्या नाहीत, नुसता तोंडात धरला. मी कोपऱ्यातली पहार उचलली आणि लिंपलेल्या जागी घातली. चिखल पहिल्या घावाला पडला. मग म्हटलं, आता मोडायचंच तर नीट मोडू. वीट काढत गेले. सासूबाई "अगं, अगं" म्हणत राहिल्या, पण उठल्या नाहीत. मी थांबले तेव्हा भिंतीला परातीएवढं भगदाड पडलं होतं, आणि धूर त्यातून पळत सुटला होता.

तो धूर गावठाणातून दिसायचा तसा दिसलाच. मामंजी बाजारातून परतायच्या आत चुलत सासरे भाऊसाहेबांना घेऊन हजर. मागोमाग मामंजी आले. डोक्यावरचं गाठोडं तसंच, आणि समोर भगदाड. भाऊसाहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि विचारलं की ही खिडकी कुणासाठी?

मी तोंड उघडणार तेवढ्यात मामंजी बोलले. क्षणभरसुद्धा अडखळले नाहीत.

"म्हशीसाठी, भाऊसाहेब. मुकं जनावर हाय. धुरानं तिच्या डोळ्याला धार लागली. दुभती म्हस, आंधळी झाली म्हंजी? बघवंना हो आमास्नी."

काय सांगू, इतक्या कळवळ्यानं बोलणारा तो माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हशीच्या पापण्या कशा सुजतात, ती डोकं कसं झटकते, रात्री कशी रेकते, सगळं त्यांना ठाऊक होतं. भाऊसाहेब आत जाऊन म्हशीच्या डोळ्यांत वाकून बघून आले. मान हलवून म्हणाले की खरं आहे, जनावराला हवा लागतेच, गोठ्याला हवेची सोय असावी असंच कुणीही म्हणेल, त्यात गैर काय? उलट भगदाड जरा लहानच आहे, म्हशीच्या मानानं वर-खाली वाढवून घ्या, असं म्हणत त्यांनी वहीत म्हशीचं टिपूनही घेतलं. चुलत सासऱ्यांनाही काही बोलता येईना, कारण त्यांच्याकडंही दोन म्हशी होत्या. सगळ्यांना हायसं वाटलं. मामंजींनी मला चहा टाकायला सांगितलं. सुटलो एकदाचे, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

सासूबाई चुलीपाशीच होत्या, भाजलेला हात पदरात धरून. त्या उठल्या. भिंतीला चाचपत पडवीत आल्या आणि भाऊसाहेबांचा आवाज होता त्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. परक्या पुरुषापुढं त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

"भाऊसाहेब, म्हशीचं लिवलंत, लई चांगलं केलंत. आता हेबी लिवा, ह्या गोठ्यात आनखी एक जनावर बांधल्यालं हाय. त्याचा एक डोळा गेला, दुसरा चाललाय. ते दूध देत न्हाई, म्हून त्याची कुनी चौकशी केली न्हाई."

भाऊसाहेब टोपी हातात घेऊन उभे राहिले. चुलत सासरे बांधाकडं चालू लागले, चहा न घेता. मामंजी डोक्यावरचं गाठोडं उतरवायचंही विसरले होते. सासूबाई तशाच आत गेल्या, आणि चुलीकडं न जाता म्हशीच्या गव्हाणीच्या कडेला जाऊन बसल्या, भगदाडातून येणाऱ्या वाऱ्यात. मला म्हणाल्या, पोरी, आजपासून चूल तुझी.

मामंजींनी त्याच दिवशी भगदाड वाढवलं, एकट्यानं, कुणाला मदतीला न घेता. संध्याकाळी मी भाकरी केली. जाडच झाली होती. मामंजी पानावर बसले, तुकडा मोडला आणि सासूबाईंकडं पाहिलं. त्यांनी तोंड वाऱ्याकडं केलेलं होतं, ते वळवलं नाही. डावा डोळा त्यांना पुढं शेवटपर्यंत पुरला, अंधूक का होईना. मामंजींशी मात्र त्या त्या दिवसापासून कामापुरतंच बोलल्या, तेही म्हशीला उद्देशून.